आजोबांच्या जुन्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात, मदत हवी आहे

आजोबा ८६ वर्षांचे आहेत, एरवी जुन्या दिवसांबद्दल इतकं बोलतात की थांबवावं लागतं, पण फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं की एकदम गप्प, "त्यात काय सांगायचं, सगळं नेहमीचंच होतं" म्हणतात. आणि मला नेमकं ते नेहमीचंच हवंय, लग्न नोकरी वगैरे सगळं घरात पाठ आहे.

आधी प्रश्नांची यादी केली, तर तोंडी परीक्षेसारखी एका वाक्यात उत्तरं. मग एक जुना फोटो हातात दिला, तर ४० मिनिटं बोलले, तेही माणसांबद्दल कमी आणि मागे दिसणाऱ्या कंदिलाबद्दल जास्त (काच रोज कोण पुसायचं, फुटली की बोलणी कोण खायचं!). पण असे फोटो सातच होते, ते संपले. व्हॉइस टायपिंगही करून पाहिलं, त्यांचे जुने शब्द ते भलतेच लिहितं, त्यामुळे मी ऐकून हातानेच उतरवतेय, त्याची तक्रार नाही.

रेकॉर्डिंगला त्यांची परवानगी आहे, लपूनछपून करायचं नाहीये. व्हिडिओ नको म्हणतात. ऐकायला कमी येतं आणि एरवी २०-२५ मिनिटांत दमतात, म्हणून चारचौघांत बसवून गप्पा हा उपाय सांगू नका, गोंधळतात.

ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून असं काढून घेतलंय त्यांनी सांगा, फोटो नसतील तर रोजच्या बारीकसारीक गोष्टी आठवायला त्यांच्या हातात काय द्यायचं किंवा पहिला प्रश्न कुठला विचारायचा?