मदत हवी आहे : रोजच्या सवयींबद्दल इंग्रजीत बोलायचं तर नेमके शब्द कोणते?

नमस्कार मंडळी,

मी यावल तालुक्यातली. नोकरी जळगावला, एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला. जीएसटीची मेल इंग्रजीत लिहायची असली तर मला कुणाला विचारावं लागत नाही. घोडं अडतं ते बोलण्यात, आणि तेही एकाच विषयावर. आमच्या टीममध्ये आता पुण्याची आणि चेन्नईची माणसं आली आहेत. दर शुक्रवारी ऑनलाइन मीटिंगच्या सुरुवातीला साहेब एकेकाला विचारतात की या आठवड्यात स्वतःमध्ये काय सुधारणा केली, कोणती नवी सवय लावून घेताय. रिकन्सिलिएशनवर मी दहा मिनिटं बोलू शकते, पण "हल्ली लवकर उठायला लागलेय" एवढं सांगताना तोंडातून शब्द फुटत नाही.

यूट्यूबवर या विषयाचे शब्द शोधले तर ढिगाने व्हिडिओ निघतात. जर्नलिंग, ग्रॅटिट्यूड, मॉर्निंग रिच्युअल, कोल्ड शॉवर. चांगलं आहे सगळं, पण तो दिवस माझा नाही. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तोही पहाटे. पाणी भरा, भाकरी थापा, डबा भरा आणि सात वाजेची एसटी गाठा. (कोल्ड शॉवरचं म्हणाल तर मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतून थंड पाणी काढून दाखवावं कुणीतरी.)

तर मला हवे आहेत ते शब्द असे. गजर वाजला, तो बंद करून परत झोपले, हे कसं सांगायचं? मोबाइल बघणं कमी करतेय पण सोडलेला नाही, हे कसं? आणि सगळ्यात महत्त्वाचं : सवय छान लागली होती, आखाजीला (म्हणजे अक्षय तृतीयेला) माहेरी गेले, सुटली, आता पुन्हा धरतेय. माझी सगळी प्रगती याच जातीची आहे आणि व्हिडिओवाले यावर एक अक्षर बोलत नाहीत. त्यांची सवय एकदा लागली की लागली.

शिवाय आमच्या ऑफिसात सगळे सर्रास "आय यूज टु गेट अप अर्ली" म्हणतात. परवा चेन्नईच्या मॅडमनी एकाला विचारलं, "मग आता का नाही उठत?" तो बिचारा बघतच राहिला. त्यात काय बिघडलं, तेही कुणी सांगा.

पाचशे शब्दांची पीडीएफ आणि क्लासचा पत्ता नको. दोन्ही घेऊन झालंय.

धुळेकर_मास्तर :

ताई, आधी त्या "यूज टु"चा निकाल लावू. "आय यूज्ड टु गेट अप अर्ली" म्हणजे पूर्वी उठायचे, आता नाही. मॅडमनी बरोबर तेच ऐकलं. चालू सवयीला साधा वर्तमानकाळ पुरतो : "आय गेट अप ॲट फाइव्ह". रोज जमत नसेल तर पुढे "मोस्ट डेज" जोडा, खोटंही होत नाही. अंगवळणी पडलं असेल तर "आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली", आणि अजून पडतंय असं असेल तर "आय ॲम गेटिंग यूज्ड टु गेटिंग अप अर्ली". बारावीची मुलंसुद्धा इथे "टु गेट" म्हणतात. या दोन्हींत "टु"नंतर "गेटिंग" येतं, ते जिभेवर घोळवा.

गजर "गोज ऑफ" होतो. ऐकायला बंद झाल्यासारखं वाटतं, पण अर्थ वाजला असा. तो दाबून परत झोपलात तर "आय हिट स्नूझ". डोळा उघडला ते "वेक अप", अंथरूण सोडलं ते "गेट अप". दोघांत अर्धा तास जाणारे माझ्या घरात आहेत. जाग आली नाही म्हणून उशीर झाला तर "आय ओव्हरस्लेप्ट", आणि रविवारी ठरवून लोळत पडलात तर "आय स्लेप्ट इन". साहेबांपुढे या दोघांची अदलाबदल करू नका.

मोबाइलसाठी "कट डाउन ऑन" : "आय ॲम ट्राइंग टु कट डाउन ऑन माय स्क्रीन टाइम". "गिव्ह अप" किंवा "क्विट" म्हणालात तर पूर्ण सोडला असं होईल आणि पुढच्या शुक्रवारी हिशोब द्यावा लागेल.

आता तुमचा खरा प्रश्न. सवय ढिली पडली, हातातून निसटली, यासाठी "आय लेट इट स्लाइड". पुन्हा धरतेय याला "आय ॲम गेटिंग बॅक इंटु इट". दोन्ही जोडून : "आय वॉज डुइंग वेल टिल आखाजी, देन आय लेट इट स्लाइड. आय ॲम गेटिंग बॅक इंटु इट नाऊ." एवढं बोललात की मीटिंग पुढे सरकते. आखाजी म्हणजे काय असं विचारलं तर आणखी दोन मिनिटं तुमची.

पाण्याचं असं आहे की इंग्रजीत "फिल"नंतर पाणी येत नाही, भांडं येतं. "वी गेट वॉटर एव्हरी अदर डे, सो आय ॲम अप बाय फाइव्ह टु फिल द टँक." एक दिवसाआडला "एव्हरी अदर डे". डबा "पॅक" करायचा, बस "कॅच" करायची, भाकरी "मेक" करायची. भाकरीला भाकरीच म्हणा.

भुसावळ_जंक्शन :

मास्तरांनी शब्द दिले, मी जिभेचं सांगतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगच्या पहिल्या भागात घर, काम, रोजचा दिवस यावरच साधे प्रश्न असतात. दुसऱ्या भागात एक विषय देतात, एक मिनिट तयारीला आणि एक ते दोन मिनिटं बोलायला. परीक्षा द्यायची नसली तरी ही पद्धत उचला. एसटीत बसल्या बसल्या एक मिनिट विचार करायचा आणि उतरल्यावर चालता चालता मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायचं. संध्याकाळी ऐकलं की कुठे अडखळतो ते लगेच कळतं. नवे शब्द एका दमात घोकू नका. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने परत काढा. आपण किती भराभर विसरतो हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 सालीच मांडून ठेवलंय.

आणि मीटिंगमध्ये कुणी "21 दिवसांत सवय लागते" असं ठोकून दिलं तर तुम्हाला बोलायला मुद्दा देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये छापलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले होते, आणि माणसागणिक 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात आहे. "इट टेक्स लाँगर दॅन दॅट" म्हणून सुरुवात करा आणि "मिसिंग वन डे इज फाइन" म्हणून थांबा.

केळीचा_घड :

एवढं सोवळं कशाला? "फिल वॉटर" म्हटलं तरी चेन्नईवाल्यांना कळणार. त्यांच्याकडेही पाण्याच्या टँकरपुढे रांगा लागल्या होत्याच की.

धुळेकर_मास्तर :

कळेल ना भाऊ, कोण नाही म्हणतंय. ताईंना नेमकं हवं होतं म्हणून सांगितलं.

मूळ प्रश्नकर्ती :

मास्तर, "लेट इट स्लाइड" काल रात्री भांडी घासताना म्हणून पाहिलं, जिभेवर बसलं. जंक्शन भाऊ, 254 दिवसांचं वाचून सासूबाईंना सांगितलं, त्यांना फार बरं वाटलं, त्यांचं तंबाखूची मिसरी सोडायचं चाललंय.

अजून एक राहिलं. मी संकष्टीचा उपास करते. मागे एकदा "आय ॲम फास्टिंग टुडे" म्हणाले तर पुण्याच्या एकाने लगेच "सोळा-आठ का?" (सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं) म्हणून विचारलं आणि त्याचं डाएट सांगत बसला. हे कसं टाळू?

धुळेकर_मास्तर :

"इट्स अ रिलिजस फास्ट, आय ब्रेक इट आफ्टर मूनराइज." इथे "ब्रेक" म्हणजे उपास मोडला नव्हे, सोडला. तेव्हा बिनधास्त म्हणा. चंद्रोदयाचं नाव काढलं की डाएटवाले गप्प बसतात.