पट्ट्या न सोडता ममीच्या आत पाहावे का?

धागाकर्ता :
अमेनहोतेप पहिला या प्राचीन इजिप्तच्या फेरोची (राजाची) ममी १८८१ मध्ये तेथील देर अल-बहरी येथे सापडली, पण तिच्यावरील मुखवटा आणि फुलांच्या माळा इतक्या सुस्थितीत होत्या की ती उघडण्याचे धाडस कोणी केले नाही. पुढे क्ष-किरणतज्ज्ञ सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासातून, एकही पट्टी न सोडता, राजाचे वय सुमारे ३५ वर्षे, उंची १६९ सेंटीमीटर आणि अंगावर ३० ताईत असल्याचे कळले. याउलट १९२५ मध्ये तुतनखामेन या फेरोचा देह राळेतून सोडवताना त्याचे शिर आणि हातपाय धडापासून वेगळे केले गेले. म्हणून प्रत्येक ममीचे स्कॅन व्हावे आणि पट्ट्यांना हात लावणे कायमचे थांबावे, असे माझे मत आहे.

चकवा :
दुसरी मागणी मान्य, पहिली नाही. १९६८ च्या क्ष-किरण चित्रांत तुतनखामेनच्या कवटीत हाडाचे तुकडे दिसले आणि त्याच्या खुनाची कथा रूढ झाली. २००५ च्या सीटी स्कॅनने ती फेटाळून मांडीच्या मोडलेल्या हाडाकडे लक्ष वेधले. देह तोच, मृत्यूचे कारण मात्र दर वेळी नवे!

धागाकर्ता :
परंतु ती कथा खोडली कोणी? अधिक चांगल्या स्कॅननेच. तिसरा रामेसेस या फेरोच्या पट्ट्या १८८६ मध्ये सोडल्या, तरी गळ्याभोवतीचे वेष्टण राहिले होते. त्याखालचा, मणक्यापर्यंत गेलेला वार २०१२ मध्ये सीटीमुळे उघड झाला. त्याच्या हत्येसाठी अंतःपुरात रचलेल्या कटाच्या खटल्याची नोंद असलेला पपायरस (प्राचीन इजिप्तचा कागद) इटलीतील तुरिनला आहे, पण राजा त्या कटात मेला की वाचला, हे त्यावरून निश्चित ठरत नव्हते.

औदुंबर :
हे उदाहरण बिनतोड आहे, कारण तेथे आधी प्रश्न होता. इजिप्तमधील कर्नाकच्या मंदिरातील नेसपेरेन्नूब या पुरोहिताची ममी २०१२ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आली होती; स्कॅनमध्ये त्याच्या डोक्यामागे मातीचे भांडे चिकटलेले आढळले, बहुधा राळ ओतताना राहून गेलेले. शवसंस्कार करणाऱ्यांनी ही चूक त्याच्या कुटुंबापासूनही लपवली असावी. अभ्यासकांनी ती जरूर नोंदवावी, परंतु ज्याची संमती विचारताच येत नाही अशा माणसाचा आतला देह तिकीट लावून पडद्यावर दाखवणे मला पटत नाही. प्रश्न लेखी मांडल्याशिवाय स्कॅनची परवानगी देऊ नये, आणि चित्रे संशोधकांपुरतीच ठेवावीत.

चकवा :
संशोधकांपुरतीच ठेवली, तर चुकीचा निष्कर्ष तपासणार कोण?