फ्रिजला हात लावला की झिणझिण्या? जुन्या घरांतल्या वायरिंगचे अनुभव लिहा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात फ्रिजसमोर एक लाकडी पाट कायम पडलेला असायचा. फ्रिज उघडायचा तो पाटावर उभं राहूनच, हा आईचा नियम. आम्हा भावंडांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. मागच्या महिन्यात भाची ओल्या हाताने, अनवाणी पाणी घ्यायला गेली आणि जोरात किंचाळली. वायरमनला बोलावून सॉकेट उघडलं, तर अर्थिंगच्या मोठ्या भोकाला आतून तारच नाही. लाकडी पट्टीवर मारलेलं मूळ वायरिंग दोनच तारांचं, फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी). पुढे कुणीतरी तीन पिनांचं सॉकेट बसवलं, तिसरी, गळणारा करंट जमिनीत नेणारी अर्थची तार मात्र ओढली नाही. इतकी वर्षं आई रोज त्या फ्रिजला हात लावत होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तुमच्या किंवा गावाकडच्या घरात असं झालं असेल तर सविस्तर लिहा. काय बिघडलं होतं, कसं सापडलं, काय बदललं. 'थोडा करंट येतोच' म्हणून सोडून दिलं असेल तर तेही लिहा.

गिरगाव

आमच्या चाळीत अर्थिंगची तार मोरीतल्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली होती. पाइप जमिनीत जात होता, तोवर निभावलं. मग गंजलेले पाइप काढून प्लास्टिकचे घातले. मोरीत फक्त नळ आणि हातभर लोखंडी तुकडा राहिला, आणि आमची तार त्या तुकड्यालाच. पुढे फ्रिजच्या कॉम्प्रेसरचं वाइंडिंग आतून बॉडीला लागलं. शॉक बसला तो नळ सोडायला गेलेल्या आजीला! फ्रिज बाहेरच्या खोलीत, नळ मोरीत. दोन दिवस आम्ही पाण्याच्या मोटरवर संशय घेत होतो. तिसऱ्या दिवशी काकांनी फ्रिजचा प्लग काढला आणि टेस्टर नळाला लावला, तो पेटला नाही. प्लग परत लावल्यावर पेटला. आजी वाचली ती केवळ हात झटकन मागे आल्यामुळे. ज्यांच्या इमारतीत पाइप बदलले आहेत, त्यांनी आपली अर्थिंगची तार कुठे जाते ते आजच बघा.

डोंबिवली

भाड्याच्या घरात फ्रिजला झिणझिण्या यायच्या. आलेल्या वायरमनने दहा मिनिटांत काम केलं आणि टेस्टर लावून दाखवला. पेटत नव्हता. आम्ही निर्धास्त. त्याने काय केलं होतं, तर सॉकेटच्या आत न्यूट्रलमधून छोटी तार काढून अर्थच्या पिनेला जोडली होती.

दीड वर्षाने पावसाळ्यात मीटरजवळच्या कटआउटमध्ये न्यूट्रलचा जोड जळाला. घरातले दिवे गेले. फ्रिजमध्ये येणारी फेज मोटरमधून न्यूट्रलवर, तिथून त्या छोट्या तारेने सरळ फ्रिजच्या दारावर आली. दिवे नाहीत म्हणजे लाइट गेली, असं समजून माझी बायको दूध काढायला गेली. ती मागे फेकली गेली आणि खांदा निखळला. ती आज ठीक आहे. पण त्या चार बोटं लांबीच्या तारेचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. कुणी असा 'जुगाड' सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

सांगली

मी वायरमन, आता निवृत्त. वरचा अनुभव वाचून हात थरथरले, कारण असे जोड मी स्वतः कितीतरी घरांतून काढलेत.

जुन्या घरात तीन गोष्टी आधी बघतो. पहिली, तार कशाची. सत्तरच्या दशकातल्या घरांत अ‍ॅल्युमिनियमची तार खूप सापडते. ती मऊ असते, स्क्रूखाली दबत जाते, वर ऑक्साइडचा थर धरते. जोड सैल पडतो, तापतो. फ्रिज चालताना करंट थोडाच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट सहज ओढतो, आणि दिवसातून अनेकदा. म्हणून फ्रिजचंच सॉकेट काळं पडतं. दुसरी, चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये काय घातलंय. जाड तांब्याची तार दिसली तर तो फ्यूज नाहीच. तिसरी, अर्थ खरा आहे का. निऑनचा टेस्टर एवढ्यावर भरवसा ठेवू नका. आम्ही फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून बघायचो. मंद पेटला तर अर्थिंग कामाचं नाही. (आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, असेल तर तो लगेच पडेल.) हे काम वायरमनकडूनच करून घ्या, घरी प्रयोग नको.

नाशिक

नवा इन्व्हर्टर फ्रिज घेतला, त्यालाही झिणझिण्या. बदलून दुसरा आणला, तेच! मग कळलं की आतल्या सर्किटच्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि तो अर्थमधून जायला हवा. वाट नसल्यामुळे बॉडीवर शंभरच्या पुढे व्होल्ट दिसत होते. दोष घराचा होता, फ्रिजचा नाही.

रत्नागिरी

कौलारू घरात नवं वायरिंग करून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. तो दिवसातून दोनतीनदा पडायचा. पावसामुळे भिंती ओल्या, सगळे म्हणाले काढून टाका ती कटकट. बाबा ऐकेनात. त्यांनी वहीत वेळा लिहिल्या. मधलं अंतर जवळपास सारखं निघालं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने वही बघूनच सांगितलं, बर्फ वितळवणारा हीटर. तो ठरावीक काळाने चालू होतो आणि त्यात ओल शिरली होती. हीटर बदलला, पडणं थांबलं. मागच्या बाजूला उंदरांनी कुरतडलेली वायरही तेव्हाच सापडली.

पुन्हा पुण्याहून, धागा काढणारी

काम झालं. मेनपासून फ्रिजपर्यंत अडीच एमएमची तांब्याची तीन तारांची वेगळी लाइन, नवं सॉकेट, आरसीसीबी. अंगणात मालकांना विचारून अर्थिंगचा खड्डा घेतला. भाचीला अजून फ्रिज उघडायचा धीर होत नाही, पाणी मागून घेते.

सांगलीच्या काकांना एक विचारायचंय. वाड्यात आणखी दोन बिऱ्हाडं आहेत, त्यांचंही वायरिंग दोनच तारांचं. याच खड्ड्यावरून त्यांना अर्थ देता येईल का?

सांगली

येईल ताई. पण प्रत्येक बिऱ्हाडाला खड्ड्यापासून स्वतंत्र तार ओढा, एकमेकांच्या सॉकेटमधून नको. आणि त्यांच्या मेनवरही आरसीसीबी हवाच. खड्ड्यावर झाकण ठेवा, उन्हाळ्यात पाणी घालत जा.