नवशिक्यांना सरसकट सेमी-वेस्टर्न ग्रिप कशासाठी?

हाफव्हॉली:
हल्ली टेनिस शिकायला आलेल्या कुणाच्याही हातात पहिल्याच दिवशी सेमी-वेस्टर्न ग्रिप (रॅकेट धरायची एक पकड) बसवून देतात. वय आठ असो की पंचेचाळीस. मला हे पटत नाही. मोठेपणी शिकणाऱ्या, आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्या माणसाला फोरहँडसाठी (तळहात पुढे ठेवून मारायचा फटका) ईस्टर्न ग्रिपच द्यावी.

नावं नवी असतील त्यांच्यासाठी: रॅकेटची मूठ अष्टकोनी असते. तारा जमिनीला काटकोनात उभ्या धरल्या की वर येणारी सपाट बाजू पहिली. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजायचं, डावखुऱ्यानं उलटं. तर्जनीच्या बुडाचं हाड दुसऱ्या बाजूवर आलं की कॉन्टिनेन्टल, तिसऱ्यावर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न आणि पाचव्यावर, म्हणजे थेट तळाशी, वेस्टर्न.

ईस्टर्नमध्ये मुठीशी शेकहँड केल्यासारखा हात बसतो. तळहात आणि तारा एकाच दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे चेंडू कुठे जाणार ते हाताला कळतं. शिवाय व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), सर्व्हिस आणि स्लाइस (चेंडू खालून कापत मारलेला फटका) कॉन्टिनेन्टलनंच मारायचे असतात. तिथं जायला ईस्टर्नवाल्याला एक बाजू सरकावी लागते, सेमी-वेस्टर्नवाल्याला दोन, वेस्टर्नवाल्याला तीन. नेटकडे धावता धावता हा बदल करायचा असतो हे लक्षात घ्या. डबल्समध्ये फोरहँडच्या ग्रिपनंच व्हॉली करायला जाणारे आणि चेंडू स्वतःच्याच पायाशी आपटणारे किती दिसतात!

टॉपस्पिनवाली:
साफ असहमत. नवशिक्याचं खरं दुखणं व्हॉली नसून बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) बाहेर जाणारे चेंडू आहे. ईस्टर्ननं जोर लावला की चेंडू सपाट सुटतो आणि मागच्या जाळीवर जाऊन आदळतो. मग माणूस घाबरून नुसता ढकलायला लागतो, आणि ती ढकलायची सवय जन्मभर जात नाही.

सेमी-वेस्टर्नमध्ये रॅकेटचं तोंड मुळातच किंचित खाली झुकलेलं असतं. खालून वर घासल्याशिवाय चेंडू नेट ओलांडतच नाही, म्हणजे टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेनं फिरवणारी फिरकी, जिनं तो लवकर खाली येतो) मारणं भागच पडतं. एकदा ते जमलं की पूर्ण ताकदीनं हात फिरवला तरी चेंडू कोर्टात पडतो.

हाफव्हॉली:
"भागच पडतं" हे सांगायला सोपं आहे. पहिले काही महिने त्या माणसाचा निम्मा वेळ नेटमधले चेंडू गोळा करण्यात जातो. आणि त्याच्यासमोर खेळतंय कोण? त्याच्यासारखाच नवशिका. तो काही जड टॉपस्पिन मारत नाही, चेंडू गुडघा ते कंबर एवढाच येतो. सेमी-वेस्टर्नची मजा कमरेच्या वर, छातीच्या आसपास. खाली घसरत आलेला चेंडू उचलताना मनगट वेडंवाकडं होतं.

टॉपस्पिनवाली:
नवशिके उंच, लोंबते चेंडू मारतात हो! टप्पा पडला की तो खांद्यापर्यंत येतो. तिथं ईस्टर्नवाल्याचं रॅकेट उघडं पडतं आणि चेंडू आभाळात. नदाल, जोकोविच, अल्काराझ... अलीकडचा कुठलाही मोठा फोरहँड बघा, सेमी-वेस्टर्न किंवा त्याच्या आसपासच सापडेल.

कडेला बसलेला:
खेळाडूंची नावं दोन्हीकडून काढता येतात, त्यातून सिद्ध काहीच होत नाही. सॅम्प्रस ईस्टर्न, फेडरर ईस्टर्नच्या जवळ. मॅकेन्रो तर कॉन्टिनेन्टलनं फोरहँड मारायचा. ते गवताचं युग होतं, चेंडू खाली राहायचा म्हणून चालायचं, असं म्हणावं तर बोर्गचा फोरहँड वेस्टर्नकडे झुकलेला, आणि त्यानं 1976 ते 1980 सलग पाच विम्बल्डन जिंकली. बेरासातेगी 1994 च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत पोचला तो वेस्टर्नच्याही पुढची ग्रिप घेऊन. ती इतकी फिरलेली, की फोरहँड आणि बॅकहँड तो रॅकेटच्या एकाच बाजूच्या तारांनी मारायचा. म्हणून ती कुणाला शिकवाल का?

मनगटधारी:
दुखण्याचं कुणीच बोललं नाही. वेस्टर्न आणि सेमी-वेस्टर्नवाल्यांचं मनगट दुखलं तर बहुधा करंगळीच्या बाजूला, ईस्टर्नवाल्यांचं अंगठ्याच्या बाजूला. म्हणजे निर्धास्त कुठलीच नाही. मूठ गच्च आवळून धरणं थांबवा, निम्मा त्रास तिथंच कमी होतो.

बालवर्गवाली:
मुलांना शिकवते, म्हणून थोडं. लहान मुलांना वेस्टर्न बहुतेकदा कुणी शिकवत नाही. नेहमीचा पिवळा चेंडू त्यांच्या डोक्याएवढा उसळतो, त्याला गाठायला हात आपसूक मुठीच्या खाली सरकतो आणि तिथंच रुळतो. यासाठीच लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू आहेत. ते नेहमीच्या चेंडूपेक्षा अनुक्रमे सुमारे 75, 50 आणि 25 टक्के मंद असतात आणि कमी उसळतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा चेंडू चालत नाही. चेंडू मापाचा असला की मुलं ईस्टर्न किंवा सेमी-वेस्टर्नवर आपली आपण टिकतात.

मोठ्यांसाठी मी एक करून घेते. भिंतीसमोर उभं राहून तारा भिंतीला सपाट टेकवायच्या, पुढच्या पावलाच्याही थोडं पुढे, कमरेच्या उंचीवर, आणि जोर लावायचा. मग तेच छातीच्या उंचीवर. ज्या ग्रिपला मनगट न मुडपता जोर थेट खांद्यातून येतो, ती त्या उंचीची ग्रिप. मग कोर्टावर बघायचं, आपल्याला चेंडू जास्त वेळा कुठल्या उंचीवर भेटतो.

टॉपस्पिनवाली:
प्रयोग चांगला आहे, पण भिंत जागची हलत नाही. रॅकेट खालून वर जाताना काय होतं ते त्यात कळणार नाही.

नवा भिडू:
मी आत्ताच भिंतीपाशी करून पाहिलं. माझं हाड तिसऱ्या आणि चौथ्या बाजूच्या मधल्या कडेवर येतंय. हे चालतं का?

हाफव्हॉली:
अगदी चालतं. तिथंच राहा, चौथ्याकडे सरकू नका.

टॉपस्पिनवाली:
सरकाल हो, सहा महिन्यांत.