बायोलॉजिक इंजेक्शनापूर्वीची क्षयरोग तपासणी : आजार नाही, तर औषध कशासाठी?

सोलापूरकर :
नमस्कार. माझ्या पत्नीला (वय ४१) नऊ वर्षांपासून आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आणि रोज साडेसात मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) घेऊनही बोटांची सूज उतरत नसल्यामुळे संधिवाततज्ज्ञांनी अ‍ॅडालिमुमॅब हे बायोलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेले) इंजेक्शन सुचवले आहे. त्यापूर्वी केलेल्या क्षयरोगाच्या तपासणीत माँटू ही त्वचेवरची चाचणी ११ मिलिमीटर (फुगवटा) आली, रक्ताची इग्रा चाचणीही पॉझिटिव्ह आली. छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ आहे. तिला खोकला नाही, ताप नाही, घरात कुणाला कधी टीबी झालेला नाही. तरीही सहा महिने आयसोनियाझिड हे क्षयरोगावरचे औषध घ्यायचे आणि निदान एक महिना झाल्यावरच इंजेक्शन सुरू करायचे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आजार नाही असे तेच म्हणतात, मग हे औषध कशासाठी? शिवाय मेथोट्रेक्सेटबरोबर ते यकृताला झेपेल का?

संधिवात विभागातील डॉक्टर :
आपल्या पत्नीला क्षयरोग झालेला नाही. क्षयाचे जंतू शरीरात शिरून निपचित पडलेले आहेत, एवढेच या चाचण्या सांगतात. भारतात असे असंख्य लोक आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, कारण शरीर त्या जंतूंभोवती पेशींचे कडे उभारते आणि ते कडे टिकवण्यात टीएनएफ या द्रव्याचा मोठा वाटा असतो. अ‍ॅडालिमुमॅब नेमके तेच द्रव्य अडवते. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब हे याच गटातील औषध घेणाऱ्या ७० रुग्णांमधील क्षयरोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा ही गोष्ट जगाच्या लक्षात आली. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांचा आजार फुप्फुसांबाहेर होता आणि बहुतेकांना तो पहिल्या काही महिन्यांतच झाला. याच गटातील एटानर्सेप्टमध्ये हा धोका तुलनेने कमी असतो, पण तपासणी त्यालाही चुकत नाही.

आयसोनियाझिड सुरू करण्याआधी सक्रिय क्षयरोग नाही याची खात्री करणे मात्र अत्यावश्यक आहे. आजार दडलेला असताना हे एकच औषध दिले, तर जंतू त्याला दाद देईनासे होण्याची भीती असते. यकृताबद्दलची आपली शंका रास्त आहे. सुरुवातीला आणि नंतर ठरावीक अंतराने यकृताची रक्ततपासणी करावी, मद्य पूर्ण वर्ज्य करावे, आणि मळमळ, भूक मरणे किंवा लघवी गडद होणे यांपैकी काही जाणवल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत पायरिडॉक्सिन (ब६ जीवनसत्त्व) देतात.

प्रयोगशाळेतून :
‘लहानपणी बीसीजी टोचली होती, म्हणून माँटू आली असेल’ असे पुष्कळजण म्हणतात. ते कधीकधी खरेही असते. पण इग्रा चाचणीतील प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे इथे ती पळवाट उरत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत माँटूचे ५ मिलिमीटरदेखील पॉझिटिव्ह धरतात. स्टिरॉइडमुळे तर या दोन्ही चाचण्या खोटेपणाने निगेटिव्ह येऊ शकतात. इतके स्टिरॉइड चालू असूनही ११ आले, हे मला अधिक बोलके वाटते.

जुना रुग्ण :
माझे उलट झाले. मला मणक्याचा संधिवात आहे. माझ्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, इंजेक्शन सुरू झाले आणि दहाव्या महिन्यात रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली, मानेत गाठ आली. मधल्या काळात घरातच राहणाऱ्या मेहुण्यांना टीबी निघाला होता आणि मी ते डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. कुणी विचारलेही नव्हते, पण तो दोष माझाही. इंजेक्शन थांबवून क्षयाचे पूर्ण उपचार घ्यावे लागले. म्हणून वर्षातून एकदा तपासणी होते आहे ना, हे स्वतःच विचारत जा, आणि वजन उतरू लागले तर ते संधिवाताच्या माथी मारू नका.

सोलापूरकर :
सर्वांचे आभार. काल गोळी सुरू केली. एका नातेवाइकांचे म्हणणे आहे की इंजेक्शनाऐवजी आमवातावरच्या टोफासिटिनिबच्या गोळ्या घेतल्या, तर हे सव्यापसव्य टळेल. त्यात तथ्य आहे का?

संधिवात विभागातील डॉक्टर :
नाही. ती गोळी असली तरी तिच्यासाठीही हीच तपासणी आणि हेच प्रतिबंधक उपचार लागतात. प्रतिबंधक उपचारात आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन एकत्र घेण्याचा बारा मात्रांचा दुसरा पर्याय आहे. पण त्यातील रिफापेन्टिनमुळे टोफासिटिनिबचे आणि प्रेडनिसोलोनचेही रक्तातील प्रमाण घटते. त्यामुळे आपल्या पत्नीसाठी एकटे आयसोनियाझिडच अधिक सोयीचे आहे. आयसोनियाझिडची गोळी रिकाम्या पोटी घ्यावी आणि यकृताच्या तपासणीचा पहिला अहवाल इंजेक्शनाच्या दिवशी सोबत न्यावा.