प्रतिसाद: चांदीकाम आणि पीएचडी

‘चांदीकामच करायचं तर कारखान्यात बसा, पीएचडी कशाला?’ हे वरचं मत मला अजिबात पटत नाही. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात चांदीकामासारख्या हस्तकलेतल्या पीएचडीत प्रबंधासोबत स्वतः घडवलेल्या वस्तूही परीक्षकांपुढे ठेवता येतात.

मी ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका काकांकडे वाटी ठोकायला शिकले. ९२५ च्या चांदीत, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असते तिच्यात, उरलेलं ७.५ टक्के बहुतेक तांबंच असतं. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, मग साधारण ६५० अंशांपर्यंत तापवून तो नरम करायचा, नाहीतर कड चिरते. काका तापमान मोजत नाहीत. दिवा मालवतात आणि पत्र्यावरचा मंद लाल रंग बघतात. तो रंग ओळखायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांच्या नोंदी हाच माझ्या संशोधनाचा सर्वांत भक्कम भाग आहे.