मुलाचे पाय फेंगडे आहेत, बूट कुठे मिळतील? (लवकर सांगा)

सईची_आई
मुलाचे पाय गुडघ्यापाशी बाहेर वाकलेत. चालतो तेव्हा बदकासारखा डुलतो. वाकडे पाय सरळ करणारे बूट पुण्यात कुठे मिळतात? शनिवारी नणंदेकडे बारसं आहे, सगळे परत तेच विचारणार. कृपया पत्ताच द्या, सल्ले घरात भरपूर आहेत.

पारावरचा_काका
वय?

सईची_आई
१९ महिने. दहाव्या महिन्यातच चालायला लागला.

कोकणी_आजी
मालिश बंद केली असेल. आमच्या वेळी बाई यायची, पाय असे ओढून ओढून सरळ करायची. आणि तो डायपर काढ आधी. दोन पायांत उशी बांधल्यावर पाय वाकडेच होणार.

मुक्कामपोस्ट_ठाणे
आजी, राग मानू नका, डायपरने हाड वाकत नाही आणि ओढून सरळही होत नाही. बाळं पोटात पाय दुमडूनच असतात, त्यामुळे दोन वर्षांपर्यंत थोडा बाक असतोच. मग उलटं होतं, तीन-चार वर्षांना गुडघे एकमेकांना घासतात आणि सातव्या वर्षापर्यंत पाय आपोआप जागेवर येतात. बूट कशाला?
त्याला झोपवून घोटे जुळव आणि गुडघ्यांमध्ये किती बोटं मावतात बघ. दर तीन महिन्यांनी तसाच फोटो काढून ठेव.

कोकणी_आजी
माझ्या चारही मुलांचे पाय सरळ आहेत.

मुक्कामपोस्ट_ठाणे
मालिश केली नसती तरी झाले असते, आजी.

सईची_आई
चार बोटं मावली. हलत होता, नीट मोजता आलं नाही.

ताकभात
ड जीवनसत्त्वाचे थेंब देतेस का? मनगटं जाड वाटतात का? माझ्या मुलाला मनगटाशी बांगडी अडकल्यासारखा फुगवटा होता. शाळेत पाठ केलेला मुडदूस स्वतःच्या घरात निघेल असं वाटलं नव्हतं. मनगट आणि गुडघ्याचा एक्सरे, रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज. औषध सुरू केलं, वर्षभरात पाय बरेच सरळ झाले. ना पट्टा, ना बूट.

सईची_आई
थेंब सहाव्या महिन्यात बंद केले, दात येत होते. पण ऊन रोज देतो, बंद खिडकीपाशी बसवतो.

ताकभात
काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही गं. थेंब पहिलं वर्षभर द्यायचे असतात, रोज ४०० युनिट.

जिम_जोशी
मी ६०,००० ची पुडी आठवड्याला घेतो, एकदम फ्रेश. त्यालाही द्या.

ताकभात
अजिबात नको! डोस डॉक्टरच ठरवतील. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडावर येतं. आणि फॉस्फरस कमी निघाला तर प्रकार वेगळाही असू शकतो, तिथे नुसत्या ड ने भागत नाही.

पारावरचा_काका
माझे गुडघे ६२ व्या वर्षी वाकलेत. बदलून घ्यावेत का?

नागपुरी_संत्रं
काका, वेगळा धागा काढा.
सईची आई, दोन्ही पाय सारखेच वाकलेत ना?

कोकणी_आजी
पांगुळगाडा द्या, चाल सुधारेल.

मुक्कामपोस्ट_ठाणे
पांगुळगाडा निदान ढकलायचा तरी असतो. वॉकर मात्र नको. कॅनडात २००४ पासून त्यावर बंदी आहे, मुलं जिन्यावरून पडायची.

सईची_आई
डावा जास्त वाकलाय. फोटोत तर उजवा जवळजवळ सरळ दिसतो.

नागपुरी_संत्रं
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! माझ्या मुलीचा एकच पाय होता. लवकर चाललेली, वजनाने भारी. गुडघ्याखाली आतल्या बाजूने हाड वाढतच नव्हतं, ब्लाउंट म्हणतात त्याला. आम्ही 'होईल सरळ' म्हणत तिसऱ्या वर्षापर्यंत थांबलो. पट्टा लावला, तिच्या बाबतीत फरक पडला नाही. चार व्हायच्या आत हाड कापून सरळ केलं. प्लास्टरमध्ये पेन्सिल घालून खाजवायची. आता मस्त पळते. तुझ्या बाळाला तेच असेल असं नाही, पण एकच पाय जास्त वाकला असेल तर दुकान नको, मुलांचे ऑर्थोपेडिक गाठ.

सईची_आई
वजन साडेतेरा किलो आहे. उद्याची वेळ घेतली. एक्सरेला तो गप्प बसेल का?

ताकभात
तू धरायचंस, शिशाचा एप्रन देतात. आवडतं खेळणं ने.

कोकणी_आजी
काय म्हणाले ते कळव गं. आणि तेल लावून नेऊ नकोस, हातातून निसटेल.